मन लागत नाही? गोळीच्या आधी काय करायचं, गोळीनंतर काय, आणि कोणत्या क्रमाने

‘मन लागत नाही’ असं म्हणणारे बहुतेक जण सगळ्यात आधी टायमरचं अॅप घेतात. ते आठवडाभर चालतं. मग कानात पावसाचा आवाज. मग कुणीतरी सुचवलेली पावडर किंवा मित्राकडची एकाग्रतेची गोळी. हे सगळं करून थकल्यावर झोपेचा आणि मोबाइलचा विचार सुरू होतो. डॉक्टरकडे जायची वेळ आलीच तर तीही हात हलवत, ‘लक्ष लागत नाही हो’ एवढं एकच वाक्य घेऊन.

क्रम अगदी उलटा आहे. मीही तोच केला होता. तीन आठवडे पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या फेऱ्या मोजल्या, रोजच्या आठ फेऱ्यांवर टिकमार्क केले, आणि जे प्रकरण लिहायचं होतं ते दीड पानावरच अडकून राहिलं. फेऱ्या पूर्ण होत होत्या. त्या फेऱ्यांत मी नेमकं काय करत होतो, हे स्वतःला विचारायचं मात्र सुचलं नाही.

खालच्या पायऱ्या क्रमाने करायच्या आहेत. एक अपवाद आधीच सांगतो. लहानपणापासून हाच त्रास असेल, किंवा सतत उदास वाटतंय, घाबरं होतंय, जगण्यात रस उरलेला नाही असं असेल, तर मधल्या पायऱ्यांसाठी थांबू नका. थेट पायरी ६ वर जा. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. एकाग्रतेचं नंतर बघता येईल.

## पायरी १: सात दिवस फक्त नोंद

या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. लोकांना हेच सगळ्यात जड जातं. दुसऱ्या दिवशीच मोबाइल दुसऱ्या खोलीत जातो, तिसऱ्या दिवशी पहाटे उठणं सुरू होतं, आणि मग मूळ दुखणं काय होतं ते कळायला जागाच राहत नाही.

लागतं काय? एक कागद आणि पेन. अॅप नको, कारण नोंद करायला मोबाइल हातात घेतला की नोंद बाजूला राहते. दिवसातली एक बैठक निवडा, साधारण तासाभराची, ज्यात डोकं लावून करायचं काम असतं. कामावरून उठलात किंवा मन हटल्याचं लक्षात आलं की वेळ आणि दोन-चार शब्द लिहा. माझ्या एका सकाळचा कागद असा होता:

९.०५ बसलो
९.१२ मोबाइल (वाजला नव्हता, सहज)
९.२० आकडे कुठल्या फाइलमध्ये आहेत ते आठवेना, शोधताना ईमेल उघडली
९.४१ परत
९.५० बिल भरायचं राहिलंय ते आठवलं
९.५८ जांभया, उठलो

संध्याकाळी प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाका. ‘बा’ म्हणजे बाहेरून: फोन वाजला, कुणी हाक मारली, बाजूला बोलणं सुरू झालं. ‘म’ म्हणजे मनातून: आठवण, काळजी, कंटाळा. ‘का’ म्हणजे कामातून: पुढे काय करायचं ते कळेना, काहीतरी सापडेना, भाग अवघड निघाला. ‘श’ म्हणजे शरीरातून: झोप, भूक, डोळे, डोकेदुखी.

आता ९.१२ ची ओळ बघा. मी तिच्यापुढे सरळ ‘बा’ लिहिलं होतं, कारण दोषी मोबाइल. पण तो वाजलाच नव्हता. त्याच्या आधीच्या मिनिटाला मी एका परिच्छेदाचं पहिलं वाक्य तीनदा खोडलं होतं. खरं अक्षर ‘का’. मोबाइल हा पळून जायचा रस्ता होता, पळायचं कारण दुसरंच होतं. अक्षर टाकताना म्हणूनच हातात काय घेतलं ते बघू नका, घेण्याच्या आधीच्या क्षणाला काय चाललं होतं ते बघा.

कागदावर वरच्या कोपऱ्यात रोज तीन आकडे लिहा: आदल्या रात्री किती तास झोप झाली, त्या दिवशी किती कप चहा-कॉफी झाली, आणि शेवटचा कप किती वाजता.

तपासा: सात दिवसांनी अक्षरं मोजा. कोणतं सगळ्यात जास्त? ‘श’ जास्त असेल तर पायरी २ वर थांबा. ‘का’ जास्त असेल तर पायरी ३ वर. ‘बा’ असेल तर ४, ‘म’ असेल तर ५. बाकीच्या पायऱ्याही करायच्या, पण मुक्काम तिथे. पहिल्यांदा नोंद करणाऱ्याला वाटतं आपला ‘बा’ सगळ्यात मोठा असणार. माझ्या पाहण्यात बहुतेकदा ‘का’ निघतो.

## पायरी २: आधी शरीर

झोप. प्रौढ माणसाला रात्री सात तास किंवा जास्त झोप लागते. ‘मला सहा तास पुरतात’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, एक प्रयोग सांगतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात लोकांना चौदा दिवस कमी झोपू दिलं. रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची लक्ष देण्याची क्षमता शेवटी इतकी घसरली, की एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाशी तुलना व्हावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपली एवढी घसरण झाली आहे हे त्यांना स्वतःला फारसं जाणवतच नव्हतं. त्यामुळे ‘पुरतात’ या स्वतःच्या मताला इथे किंमत नाही. कागदावरच्या आकड्याला आहे.

करायचं असं: उठण्याची वेळ आधी पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तीच. झोपण्याची वेळ त्यावरून मागे मोजा. लोक झोपण्याची वेळ पक्की करायला जातात आणि अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडतात. उठण्याची वेळ हातात असते, झोप लागण्याची नसते. दहा-बारा दिवस उठण्याची वेळ टिकली की झोप हळूहळू वेळेवर येऊ लागते.

दुपारी डुलकी घ्यायची तर वीस मिनिटांच्या आत गजर. जास्त झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा अर्धा तास डोकं जड.

कॅफीन. शरीरात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात असू शकतं. झोप लागते, पण उथळ लागते, आणि सकाळी परत कॉफी लागते. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते, गरोदरपणी २००. पण एकाग्रतेच्या हिशेबात मात्रेपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची: शेवटचा कप झोपायच्या निदान आठ तास आधी. फार पिणाऱ्यांनी एका दिवसात बंद करू नये. डोकं ठणकतं आणि तीन दिवस काहीच सुचत नाही. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा.

लपलेली कारणं. इथे घोडं पेंड खातं आणि पत्ता लागत नाही. सर्दी-खाजेच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या (क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन) सुस्ती आणतात, दुसऱ्या दिवशीपर्यंतही. लोह कमी, बी-१२ कमी, थायरॉइड मंद, या तिन्हींत डोकं धुक्यात असल्यासारखं वाटतं, आणि तिन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात. मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील आणि आठ तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्या. आणि चष्म्याचा नंबर. वाचायला बसल्यावर वीस मिनिटांत ‘मन उडतं’ अशी तक्रार असलेल्या माणसाचे कित्येकदा डोळे थकलेले असतात.

सावध: गोंधळल्यासारखं होणं, बोलणं अडखळणं किंवा आठवण जाणं हे अचानक, काही तासांत किंवा दिवसांत सुरू झालं असेल तर ती एकाग्रतेची तक्रार नाही. नोंदी करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

## पायरी ३: कामाला तोंड पाडा

‘का’ अक्षर जास्त आलेल्यांनी इथे तळ ठोकावा. मला स्वतःला सगळ्यात जास्त फायदा याच पायरीने झाला, म्हणून थोडं लांबण लावतो.

यादीत आपण जे लिहितो ते बहुतेकदा काम नसतं, कामाचं नाव असतं. ‘अहवाल’. ‘परीक्षेचा अभ्यास’. ‘हिशेब’. अशा नावापुढे बसलं की मेंदूला आधी ठरवावं लागतं काय करायचं, मग कुठून सुरू करायचं, मग कशाने. हे ठरवणंच कंटाळवाणं असतं, आणि मन तिथूनच सटकतं. आपण म्हणतो एकाग्रता नाही. एकाग्र व्हायला समोर काही ठेवलेलंच नसतं.

१. नावाचं वाक्य करा. वाक्यात क्रियापद हवं, वस्तू हवी आणि कुठे थांबायचं तेही हवं. ‘अहवाल’ हे चालणार नाही. ‘मार्चची फाइल उघडून तिसऱ्या तक्त्याखाली विक्री का घटली त्याची चार वाक्यं लिहायची’ हे चालेल. ‘इतिहासाचा अभ्यास’ नको; ‘पाचव्या धड्याची पानं ६२ ते ६८ वाचून पुस्तक मिटून सात मुद्दे आठवून लिहायचे’ असं हवं.

२. पहिली हालचाल वेगळी लिहा. ती दोन मिनिटांत होणारी आणि हाताने करायची असावी. ‘विचार करणे’ ही हालचाल नाही. ‘फाइल उघडून तक्ता क्रमांक तीनवर जाणे’ ही हालचाल आहे.

३. सामान आधी गोळा करा. आकडे, पुस्तक, पासवर्ड, चार्जर, पाणी. वरच्या कागदातली ९.२० ची ओळ आठवा: एक फाइल शोधायला गेलो आणि एकवीस मिनिटं गेली. शोधाशोध बैठकीच्या आत करायची नाही. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच करून ठेवा.

४. अवघड जागेसाठी जर-तर वाक्य. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी या पद्धतीवर बरंच काम केलं आहे. नुसतं ‘मी लक्ष देईन’ असं ठरवण्यापेक्षा ‘जर अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. माझं एक वाक्य: ‘जर एखादं वाक्य तीनदा खोडलं गेलं, तर तिथे चौकोनी कंसात “इथे नंतर” लिहून पुढच्या मुद्द्यावर जायचं.’ या एका वाक्याने ९.१२ चा मोबाइल जवळपास बंद झाला.

नेहमीची चूक: तुकडे पाडण्याचंच काम होऊन बसतं. रंगीत रकाने, चार पातळ्यांची यादी, आणि सकाळ संपते. एका बैठकीपुरतं एक वाक्य आणि एक पहिली हालचाल, बस. उद्याचं उद्या.

तपासा: तुमचं वाक्य दुसऱ्या कुणाला वाचून दाखवा. काम संपलं की नाही हे त्याला बघून सांगता येईल का? नसेल तर वाक्य अजून नावच आहे.

## पायरी ४: जागा आणि मोबाइल

मोबाइल सायलेंट करून टेबलावर उपडा ठेवणं म्हणजे अर्धवट उपाय. २०१५ मधल्या एका प्रयोगात लोकांनी फोन उचलला नाही, संदेश वाचला नाही. नुसती सूचना आल्याचं कळलं तरी लक्ष देण्याच्या चाचणीत त्यांच्या चुका वाढल्या. म्हणून फोन दुसऱ्या खोलीत, किंवा बॅगेत तळाशी आणि बॅग खोलीच्या टोकाला. उठून जावं लागेल इतकं अंतर हवं. उठताना आपण काय करतोय हे लक्षात येतं, हात लांबवताना येत नाही.

घरातलं कुणी आजारी आहे किंवा कामाचा फोन येऊ शकतो, तर मोजक्या नंबरांनाच परवानगी ठेवा आणि बाकी सगळं बंद. ‘काही तातडीचं असलं तर?’ या एका शंकेपायी लोक सगळ्या सूचना चालू ठेवतात. गेल्या सात दिवसांच्या कागदावर किती सूचना खरोखर तातडीच्या होत्या ते मोजा.

संगणकावर बैठकीपुरती एकच खिडकी. उघड्या पंधरा टॅबची काळजी वाटत असेल तर त्यांची यादी जतन करून सगळ्या मिटवा.

आवाजाचं थोडक्यात. सतत एकसारखा आवाज, पंख्याचा किंवा पावसाचा, फारसा अडथळा करत नाही. कळणाऱ्या भाषेतलं बोलणं मात्र वाचन-लेखनात हमखास आडवं येतं, कारण शब्द कानावर पडले की मेंदू त्यांचा अर्थ लावतोच. आपल्या भाषेतली गाणीही त्यातच आली. गाणी लावून हिशेब जमतो, लिखाण जमत नाही, असा अनुभव असेल तर कारण हे.

## पायरी ५: बैठक

आता कुठे टायमर.

किती वेळ? पंचवीस मिनिटं हा आकडा पोमोडोरो पद्धतीतून (टायमर लावून ठरावीक मिनिटं काम, मग छोटी सुट्टी) आला. ती पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो याने विद्यार्थी असताना स्वतःसाठी बसवली होती. आकड्यात जादू नाही. तुमच्या सात दिवसांच्या कागदावर बसल्यापासून पहिल्यांदा मन हटेपर्यंत साधारण किती मिनिटं जातात ते बघा आणि त्यात पाच मिळवा. बारा असतील तर सतरा. ऐकायला लाजिरवाणं वाटतं, पण सतरा मिनिटं पूर्ण झालेली बैठक पन्नास मिनिटांच्या मोडलेल्या बैठकीपेक्षा कामाची. चार दिवस सलग जमलं की पाच मिनिटं वाढवा. पन्नास-साठच्या पुढे नेण्याची बहुतेकांना गरज नसते.

बसताना. पायरी ३ चं वाक्य हाताने लिहून समोर ठेवा. बाजूला एक कोरी चिठ्ठी. टायमर लावा आणि लगेच पहिली हालचाल. आधी चहा, मग टेबल पुसणं, मग खुर्चीची उंची, असं सुरू झालं की समजा तुमचं वाक्य अजून अवघड आहे, छोटं करा.

मन हटल्यावर. हटणारच. बिल आठवलं, फोन करायचा आठवला, तर कोऱ्या चिठ्ठीवर दोन शब्द लिहा आणि परत या. ‘बिल, संध्याकाळी ७’ असं वेळेसकट लिहिलं तर जास्त चांगलं. अपुऱ्या कामाची कधी आणि कशी सोय लावायची ते ठरलं की ते डोक्यात टोचणं कमी होतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. ते काम करून टाकण्याची त्या क्षणी गरज नसते.

स्वतःवर चिडू नका. हे मायेने सांगत नाही, हिशेबाने सांगतो: मन हटलं त्यात चाळीस सेकंद जातात, स्वतःला बोल लावण्यात चार मिनिटं.

उठताना. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. टायमर वाजल्यावर उठायच्या आधी एक मिनिट घेऊन दोन ओळी लिहा: कुठे थांबलो, परत आल्यावर पहिलं काय करायचं. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की एका कामावरून दुसऱ्यावर गेलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात रेंगाळतो. पुढे त्यांच्याच अभ्यासात दिसलं की अशी छोटी चिठ्ठी लिहून उठलेल्यांचं रेंगाळणं कमी होतं. दुसऱ्या बैठकीला तीच चिठ्ठी तुमचं तयार वाक्य असते.

सुट्टी. पाच-दहा मिनिटं. उभे राहा, चाला, लांबवर बघा. मोबाइल उघडू नका. दहा मिनिटांच्या सुट्टीत बघितलेला वाद पुढच्या बैठकीत तुमच्यासोबत येऊन बसतो.

‘म’ जास्त असलेल्यांसाठी एक जोड: रोज दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष. मन गेलं, गेल्याचं कळलं, परत आणलं, हा एक फेरा. लोक म्हणतात ‘मला ध्यान जमत नाही, सारखं मन जातं’. पण परत आणणं हाच तर व्यायाम आहे; मन गेलंच नाही तर व्यायाम कसला? आठवडाभरात फरक शोधू नका, सहा-आठ आठवडे द्या. त्याशिवाय बैठकीच्या आधी वीस मिनिटं भरभर चालून आलात तर डोकं थोडं ताजं लागतं. मेंदूचे खेळ खेळून तो खेळ चांगला येऊ लागतो, अहवाल लिहिणं सुधारत नाही. बुद्धिवर्धक पावडरींवर मी एवढंच म्हणेन की त्या पैशात रक्ततपासणी होते.

तपासा: दोन आठवड्यांत, आठवड्यातून किमान पाच दिवस, एक तरी बैठक ठरलेल्या वाक्यापर्यंत पोचली का? झोप सात तास, मोबाइल दूर, वाक्य नेमकं, आणि तरीही बैठक मोडतेच आहे, तर पुढची पायरी.

## पायरी ६: डॉक्टरकडे, कागद घेऊन

जायचं मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे. ‘मला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याचा, लहानपणापासूनचा विकार) आहे, गोळी द्या’ अशी सुरुवात करू नका. तीन गोष्टी न्या.

एक, सात दिवसांचे कागद आणि पुढच्या दोन आठवड्यांचा हिशेब. दोन, लहानपणचा पुरावा. एडीएचडीच्या निदानात लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावी लागतात, ती घर, काम, शिक्षण अशा निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांनी रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा आणलेला असावा लागतो. जुनी प्रगतिपुस्तकं, त्यांतले शिक्षकांचे शेरे, आईवडील किंवा मोठ्या भावंडांच्या आठवणी यांचा इथे उपयोग होतो. हुशार मुलांचे मार्क चांगले असतात, म्हणून मार्कांपेक्षा शेरे वाचा: ‘वस्तू हरवतो’, ‘काम अर्धवट सोडते’. तीन, सगळ्या चालू औषधांची यादी, आणि घरात कुणाला हृदयविकार किंवा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर ती माहिती.

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांतल्या एडीएचडीसाठी सहा प्रश्नांची एक चाळणी आहे. ती भरून नेलीत तर हरकत नाही. पण ती चाळणी आहे, निदान नाही. उदासी, चिंता आणि झोपेची कमतरता यांतही तिचे गुण वर जातात. ज्याला खरं तर नैराश्य आहे त्याने एकाग्रतेची गोळी घेतली तर मूळ आजार तसाच मागे राहतो.

डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलं तर ‘म्हणजे औषध नाहीच’ असं समजू नका. एडीएचडी असलेल्या प्रौढांत वर्तनावर काम करणारी थेरपी औषधासोबतही उपयोगी पडते.

## पायरी ७: औषध सुरू झाल्यावर

मुख्य दोन गट. पहिल्यात मिथाइलफेनिडेट आणि अॅम्फेटामिनच्या कुळातली औषधं. ती मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांची उपलब्धता वाढवतात आणि परिणाम त्याच दिवशी जाणवू शकतो. साध्या मिथाइलफेनिडेटच्या गोळीचा असर तीन-चार तास, लांब चालणाऱ्या प्रकारांचा आठ ते बारा. दुसऱ्या गटात अॅटोमॉक्सेटिन, ग्वानफासिन, क्लोनिडिन. अॅटोमॉक्सेटिनचा पुरता परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून ते सोडून देणारे बरेच असतात.

आधी: रक्तदाब, नाडी, वजन मोजून लिहून ठेवा. नंतर तुलना कशाशी करणार?

पहिले आठवडे: डॉक्टर छोट्या मात्रेने सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. या काळात रोज चार गोष्टी लिहा: गोळी किती वाजता, परिणाम किती वाजता उतरला, जेवण कसं गेलं, झोप कशी लागली. भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं, तोंड कोरडं पडणं, नाडी वाढणं हे नेहमीचे दुष्परिणाम. पहिल्या दोन्हींवर पुष्कळदा वेळ बदलून उपाय होतो: गोळीच्या आधी पोटभर खाणं, आणि गोळी सकाळी. संध्याकाळी असर उतरताना चिडचिड होत असेल तर तीही वेळेसकट लिहा. त्या नोंदीवरून डॉक्टर प्रकार बदलू शकतात.

सावध: छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, नसलेले आवाज ऐकू येणं, टोकाची अस्वस्थता किंवा जीव नकोसा वाटणं, यांपैकी काही झालं तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना गाठा. क्लोनिडिन आणि ग्वानफासिन मात्र स्वतःहून एकदम बंद करायची नाहीत. रक्तदाब उसळी मारतो. त्यांच्या बाबतीत आधी फोन, मग निर्णय. लांब चालणाऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय तोडू, चावू किंवा कुटू नका. अॅटोमॉक्सेटिनची कॅप्सूल उघडू नका.

आता चुका. सकाळची गोळी आणि त्यावर तीन कप कॉफी: मग धडधड होते आणि दोष गोळीला. विसरलेली गोळी दुपारी चारला घेणं: रात्र गेली. मात्रा स्वतःच वाढवणं. आणि सगळ्यात मोठी, जी औषध लागू पडलेल्यांकडूनच होते: गोळी घेतली आणि समोर मोबाइल ठेवला. मग तीन तास एकाग्रपणे मोबाइलच बघितला जातो. गोळी लक्ष धरून ठेवायला मदत करते, ते कशावर धरायचं हे ठरवत नाही. म्हणून असर सुरू व्हायच्या वेळी पायरी ३ चं वाक्य समोर हवं आणि फोन दुसऱ्या खोलीत.

दुसऱ्याची गोळी घेऊन परीक्षेची रात्र काढू पाहणाऱ्यांसाठी: २०२३ मध्ये एडीएचडी नसलेल्या ४० जणांवर झालेल्या एका प्रयोगात मिथाइलफेनिडेट, डेक्सअॅम्फेटामिन आणि मोडाफिनिल देऊन अवघड कोडी सोडवायला दिली. त्यांनी मेहनत जास्त केली, वेळही जास्त घेतला, पण त्या मेहनतीचा दर्जा घसरला. हालचाली वाढल्या, अंदाधुंदपणाही वाढला. आतून मात्र आपण जोरात काम करतोय असंच वाटत राहतं, आणि फसगत तिथेच होते. मोडाफिनिल तर मुळात अतिझोपेच्या विकारांसाठीचं औषध. ते हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करतं, आणि बंद केल्यानंतरही महिनाभर तो धोका राहतो. हातोहात गोळी देणाऱ्याला हे ठाऊक नसतं. शिवाय यांतली बरीच औषधं अनेक देशांत नियंत्रित आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा ठरू शकतो. परदेशी जाताना चिठ्ठी असली तरी तिथला नियम आधी पाहून घ्या.

## पायरी ८: चौथ्या आठवड्यात परत तोच कागद

तीन दिवस पुन्हा नोंद. तीच वेळ, तशाच प्रकारचं काम, तीच चार अक्षरं. औषध चालू असो वा नसो, तुलना याच कागदांची. ‘बरं वाटतंय’ हे पुरेसं नाही, आणि ‘काहीच फरक नाही’ हेसुद्धा नाही.

आकडे वाचताना एक गोष्ट पाहा. औषधाने ‘म’ कमी होताना दिसतो, ‘बा’ काहीसा. ‘श’ वाढला असेल तर भूक-झोपेच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा. आणि ‘का’ जर जिथल्या तिथे असेल, तर मात्रा वाढवून मागायला जाऊ नका. समोरच्या कागदावरचं वाक्य बघा. तिथे बहुतेक पुन्हा नुसतं ‘अहवाल’ लिहिलेलं असेल.